डाव्या पायाचं काम

रेसिंग ट्रॅकवर पहिल्यांदा गाडी घेऊन येणाऱ्यांना सकाळी एका शेडखाली बसवून बऱ्याच गोष्टी सांगतात. कुठला झेंडा दिसल्यावर काय करायचं, मागून वेगात येणाऱ्याला कसं पुढे जाऊ द्यायचं, पिटमध्ये वळताना इशारा कसा करायचा. यातलं निम्मं पहिल्या वळणापर्यंत विसरायला होतं. लक्षात राहतं ते एक वाक्य : गाडी फिरली की दोन्ही पाय आत.

म्हणजे उजवा पाय ब्रेकवर, डावा क्लचवर, दोन्ही पार तळापर्यंत. ‘फिरली’ म्हणजे स्पिन. वळणात मागच्या चाकांची पकड सुटते आणि गाडीची शेपटी तोंडाला मागे टाकायला निघते. याचं नेहमीचं कारण अगदी साधं आहे. वळणात शिरल्यावर वेग जास्त वाटतो, माणूस दचकून अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलतो; त्यासरशी गाडीचा भार पुढच्या चाकांवर झुकतो, मागची हलकी होतात आणि सुटतात. अगदी सुरुवातीला, स्टिअरिंग उलट दिशेला देऊन गाडी सावरता येते. ज्यांचे हात तयार आहेत ते सावरतातही. ती वेळ एकदा टळली, की मग सावरत बसणं हेच धोक्याचं. गाडी अजून आपलं ऐकते असं समजून जे काही कराल, ते ती भलत्या वेळी ऐकते.

ब्रेकचं कारण यातच आहे. पूर्ण ब्रेक दाबलेली गाडी भोवऱ्यासारखी फिरेल, पण जाईल ती साधारण ज्या दिशेने सुटली त्याच रेषेत. मागून येणाऱ्याला तिचा अंदाज बांधता येतो. ब्रेक सोडलेल्या गाडीचा भरवसा नाही : फिरता फिरता टायरांना मध्येच पकड मिळते आणि त्या क्षणी चाकांचं तोंड जिकडे असेल तिकडे ती उसळते. ट्रॅकच्या बाहेर चाललेली गाडी अचानक ट्रॅक ओलांडून आतल्या भिंतीवर जाऊन आपटते, ती अशी. एबीएस असेल तर चाकं पूर्ण जाम होत नाहीत, गाडी थोडी जास्त भटकते, तरी पायाला हुकूम तोच.

क्लचचं कारण जरा आतलं आहे. गिअर पडलेला आणि क्लच जोडलेला असताना चाकं आणि इंजिन एकाच दोरीला बांधलेले असतात. ब्रेकने चाकं थांबली की इंजिनही थांबणार, म्हणजे बंद पडणार. गाडी उलटी होऊन मागे जायला लागली, तर चाकं इंजिनाला उलटं फिरवायला बघणार, आणि इंजिनाला तो प्रकार मुळीच मानवत नाही. बंद पडलेलं इंजिन म्हणजे स्टिअरिंगची मदत गेली. ब्रेकला मदत करणारी हवेची पोकळी दोनेक वेळा दाबण्यापुरती उरली. आणि आपण ट्रॅकच्या मधोमध, तोंड उलटीकडे, समोरून दहा गाड्या येताहेत. क्लच दाबलेला असेल तर इंजिन आपलं शांतपणे धडधडत राहतं, आणि गाडी थांबल्यावर पहिला टाकून तिथून निघता येतं.

हे निघता येणं केवढ्याला पडतं याचं मला माहीत असलेलं सगळ्यात महाग उदाहरण २५ नोव्हेंबर २०१२ चं आहे. साओ पावलोमधला इंटरलागोस ट्रॅक, फॉर्म्युला वनच्या हंगामातली शेवटची शर्यत. पहिल्याच फेरीत, चौथ्या वळणावर, ब्रूनो सेनाच्या गाडीशी टक्कर होऊन सेबास्टियन फेटेलची गाडी गर्रकन फिरली. तोंड मागे, आणि मागचा ताफा थेट अंगावर येतोय. त्या गाडीत स्वतःचा स्टार्टर नव्हता. इंजिन बंद पडलं असतं तर फेटेलची शर्यत तिथेच संपली असती. ते चालू राहिलं. मोडक्या गाडीनिशी तो सहावा आला आणि फर्नांडो अलोन्सोला २८१ विरुद्ध २७८, अशा ३ गुणांनी मागे टाकून विजेता ठरला. त्या गाडीत क्लचचं पेडल नव्हतंच. फॉर्म्युला वनमध्ये क्लच स्टिअरिंगमागच्या पट्टीवर, बोटांनी चालतो, आणि इंजिनाचे फेरे फार उतरले तर तो आपोआप सोडवणारी, ‘अँटी-स्टॉल’ नावाची व्यवस्था असते.

म्हणजे डाव्या पायाचं काम तिथे कधीच बोटांकडे आणि संगणकाकडे गेलेलं होतं.

ते जायला सुरुवात झाली मार्च १९८९ मध्ये, रिओतल्या हाकारेपाग्वा ट्रॅकवर. जॉन बर्नार्डने आखलेली फेरारी ६४० ही सेमी-ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची पहिली फॉर्म्युला वन गाडी तिथे पहिल्यांदा शर्यतीत उतरली. क्लचचं पेडल तिच्यात होतं, पण ते गाडी जागेवरून काढण्यापुरतं. सरावात ती इतकी बंद पडत होती, की आपण लवकरच्या विमानाचं तिकीट काढून ठेवलं होतं, असं नायजेल मॅन्सेल पुढे सांगत असे. विमान चुकलं; तो जिंकला. त्या गिअरबॉक्सच्या इलेक्ट्रॉनिक्समागे मॅग्नेटी मारेल्ली ही इटालियन कंपनी होती. २०१४ मध्ये मारुतीने सेलेरिओ आणली आणि आपल्याकडच्या स्वस्त गाड्यांत एएमटी आली, तेव्हा तिच्या आतलं यंत्रही मॅग्नेटी मारेल्लीचंच होतं. तुळशीबागेजवळ पार्किंग शोधत फिरणारी छोटी एएमटी आणि मॅन्सेलची फेरारी यांचं असं चुलत नातं आहे. दोन्हीकडे गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, क्लचही तसाच, फक्त तो दाबणारा पाय यंत्राचा.

हे सगळं सविस्तर सांगतेय, कारण ‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. जुन्या पद्धतीच्या, टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल असतं. चाकं थांबली तरी तेल घसरतं, इंजिन सहसा बंद पडत नाही. तिथे स्पिनमध्ये ब्रेक दाबला की जवळजवळ सगळं झालं. दुहेरी क्लचच्या गाड्यांत दोन क्लच आणि एक फार चपळ संगणक असतो. त्यांतल्या काही महागड्या गाड्यांमध्ये दोन्ही पट्ट्या एकदम ओढल्या की क्लच सुटतो. पोर्शने २०१३ च्या जीटी-थ्रीमध्ये ही सोय दिली, आणि तिचे दोन उपयोग मला फार गमतीचे वाटतात : गाडी वळणात बाहेर सरकायला लागली तर चाकांवरचा जोर काढून घेता येतो, आणि पट्ट्या झटक्यात सोडल्या तर मागची चाकं मुद्दाम सोडवताही येतात. म्हणजे एकच सोय घोळातून बाहेर काढणारी आणि घोळात घालणारीही. अगदी क्लचच्या पेडलसारखीच.

एएमटीत यातलं काही नाही. मधे घसरणारं तेल नाही, ओढायला तशी पट्टी नाही. घट्ट जोडला जाणारा एक क्लच, आणि तो कधी सोडायचा हे ठरवणारा कोड.

तो कोड मी लिहिते. म्हणजे पुण्यात एका कंपनीत तो लिहिणाऱ्या आठ जणांपैकी मी एक. इंजिनिअरिंग करून या कामाला लागले तेव्हा मला वाटायचं, की गिअर बदलणं हेच यातलं मोठं काम. ते नाही. क्लच जोडणं हे कौशल्याचं काम आहे, आणि क्लच *सोडणं* हे शहाणपणाचं. जोडण्यात चूक झाली तर गाडी हिसका देते आणि गिऱ्हाईक तक्रार करतं. सोडायला उशीर झाला तर इंजिन बंद पडतं. नको तिथे सोडला, तर घाटाच्या उतारावर इंजिनाचा रोध नाहीसा होतो, आणि हे त्याहून वाईट. आपल्याकडे पेट्रोल-डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला सोडून घाट उतरणारे आहेत, आणि ‘उतारावर न्यूट्रल करू नका’ म्हणून त्यांना विनवण्याही चालू असतात. घाटात इंजिन सोडू नका. स्पिनमध्ये ताबडतोब सोडा. माणसाला दोन्ही नियम एकाच वेळी डोक्यात ठेवता येतात, कारण आपण घाटात आहोत की फिरतोय हे त्याला दिसतं. संगणकाला दिसत नाही.

त्याला काय कळतं? इंजिनाचे फेरे, चाकांचा वेग, कुठलं पेडल किती दाबलंय, लिव्हर कुठे आहे. बस. चाकाचा वेग मोजायचा म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या कड्यावरचे दात सेन्सरसमोरून किती भराभर जाताहेत ते मोजायचं. साध्या सेन्सरला दात किती ते कळतं, दात कुठल्या दिशेने जाताहेत ते कळत नाही.

आता पुढच्या चाकांवर चालणारी एक छोटी गाडी घ्या. दुसरा गिअर, तासाला पन्नास किलोमीटर. ती फिरायला लागते. आडवी झाली की चाकं गोल फिरायच्या ऐवजी बाजूला घसरतात, म्हणून त्यांचा वेग जवळजवळ शून्य दिसतो. गाडी तासाला चाळीस किलोमीटरने आडवी चाललीय आणि संगणकाच्या मते ती थांबली आहे. इंजिनाचे फेरे कोसळतात. कोडमध्ये लिहिलेलं असतं की फेरे इतक्याच्या खाली गेले किंवा एवढ्या वेगाने पडायला लागले की क्लच सोड. तो सोडतो. इथपर्यंत छान. मग गाडी आणखी वळते आणि तिचं तोंड मागे येतं. चाकं आता उलटी फिरू लागतात. सेन्सर दात मोजतो : दहा, वीस, पंचवीस. संगणकाला वाटतं, गाडी थांबली होती, आता बाई पुन्हा निघाल्या. गिअर पडलेला आहे, वेग पुरेसा आहे, तर यापुढचं स्वाभाविक काम कोणतं? क्लच जोडणं. इंजिन सुलट फिरतंय, चाकं उलटी, आणि आपण त्यांना जोडायला निघालो.

हे होत नाही ते एकाच गोष्टीमुळे. ब्रेक दाबलेला असतो. आमच्या कोडमध्ये ब्रेक जोरात दाबलेला आहे तोवर अशा वेळी क्लच सुटलेला राहतो. दोन पेडलच्या गाडीत ड्रायव्हरला इंजिन सोडवायचं आहे, हे सांगायला त्याच्याकडे वेगळं पेडलच नाही. म्हणून डाव्या पायाच्या मनात काय आहे ते आम्ही उजव्या पायावरून ओळखतो. नव्या गाड्यांत गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरतेय हे मोजणारा सेन्सरही असतो, त्याचा आकडा आम्हाला घेता येतो. पण तो येतो दुसऱ्याच्या कंट्रोलरकडून, तारेवरून. नाही आला तर? मग पुन्हा ब्रेकच.

मी बेंचवर या प्रसंगाची चाचणी लिहिली तेव्हा आमचे टीम लीड म्हणाले, “अगं, रोजच्या गाडीत हे कधी व्हायचंय? लोक भाजी आणायला जातात.” त्यांनी चाचणी नाकारली नाही, हे सांगायला हवं. पण बेंचवर स्पिन म्हणजे आकड्यांचे चार रकाने. आठ जणांपैकी एकानेही तो गाडीत बसून पाहिलेला नव्हता. म्हणून मी चेन्नईजवळ, श्रीपेरुंबुदुरच्या बाजूला इरुंगाट्टुकोट्टईला ट्रॅक आहे तिकडे, स्वतःच्या पैशाने दोन दिवसांच्या एका प्रशिक्षणाला गेले.

तिथे जमलेल्या मंडळींबद्दल एक वाक्य : ऑटोमॅटिक म्हटलं की यांच्या चेहऱ्यावर जे हसू येतं, ते पुण्यात बिनसाखरेचा चहा मागितल्यावर येणाऱ्या हसूसारखं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डांबराच्या एका मोकळ्या पट्ट्यावर टँकरने पाणी मारलं. प्रशिक्षणाची गाडी एएमटी, शेजारी साठीचे एक प्रशिक्षक, पूर्वी रॅलीत भाग घेतलेले. पद्धत अशी, की मी तासाला पन्नासने डावीकडे वळायचं आणि मधेच ते हँडब्रेक ओढणार. मागची चाकं जाम होतात आणि पाण्यावर गाडी फिरतेच फिरते. मी कोडमध्ये ज्याला सेकंदाचे तुकडे म्हणते त्यातले दोन-तीन तुकडे काहीच झालं नाही. मग काचेतून दिसणारं जग बाजूला ओढून घेतल्यासारखं सरकलं : शेड, टँकर, झाडं, पुन्हा शेड. कानात फक्त पाणी उडाल्याचा आवाज. ते ओरडत होते, “ब्रेक, ब्रेक, ब्रेक, सोडू नका.” गाडी मागे जायला लागली तेव्हा स्टिअरिंग हातातून हिसकलं जाऊ लागलं, उलट्या जाणाऱ्या गाडीची पुढची चाकं स्वतःहून पार कडेला वळायला बघतात. म्हणून अंगठे आरीच्या आत अडकवायचे नाहीत, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. पायाखाली एबीएस थडथडत होतं.

थांबलो. इंजिन चालू होतं. कुणाला काय, मला तो आवाज फार ओळखीचा वाटला.

मी सहज त्यांच्या पायांकडे पाहिलं. शेजारच्या सीटवर पेडल वगैरे काही नव्हतं, पण त्यांचे दोन्ही पाय समोरच्या मॅटवर गच्च दाबलेले होते, आणि डावा उजव्यापेक्षा जास्त. चाळीस वर्षांची सवय. त्यांचंही लक्ष गेलं. म्हणाले, “याला अजून कुणी सांगितलेलं नाही.”

मग त्यांनी जे शिकवलं ते मला कुठल्याही रकान्यात दिसलं नव्हतं. “आता ब्रेक सोडा, हळूच,” ते म्हणाले. सोडला. गाडी आपली आपण पुढे सरकायला लागली. एएमटीला, बहुतेक ऑटोमॅटिकना असतो तसा, रांगायचा गुण दिलेला असतो, ट्रॅफिकमध्ये सोय म्हणून. आमच्या टीममध्ये त्या रांगण्याचा गुळगुळीतपणा वाढवण्यात दोघांचे सहा महिने गेलेत. पण गाडीचं तोंड कुठे होतं? जिकडून आलो तिकडे. ट्रॅक असता तर मी समोरून येणाऱ्यांच्या दिशेने आपण होऊन निघाले असते. मॅन्युअलमध्ये क्लच दाबून बसलेला भांबावलेला माणूस निदान जागच्या जागी भांबावतो. इथे थांबल्याबरोबर ‘हुश्श’ म्हणून पाय ढिला पडला, की गाडीला वाटतं आपल्याला निघायला सांगितलं. म्हणून स्पिन संपला तरी ब्रेक तसाच, मग लिव्हर एनवर, मग मान वर करून मार्शल कुठला झेंडा दाखवतोय ते बघायचं. गाडी फिरत असताना मात्र लिव्हरला हात लावायचा नाही. त्या गडबडीत हात कुठे जाईल सांगता येत नाही आणि दोन्ही हातांना तेव्हा स्टिअरिंगचं काम आहे.

असे आम्ही अकरा स्पिन केले. इंजिन एकदाही बंद पडलं नाही. गाडी आमच्या कंपनीच्या कोडवर चालणारी नव्हती, त्यामुळे यात माझं श्रेय काही नाही, पण कुणीतरी ते रकाने भरले होते.

भाजी आणायला जाणाऱ्या लोकांचं म्हणाल, तर त्यातली एक माझी आई. साताऱ्यात १९९८ मध्ये तिने ड्रायव्हिंग स्कूल लावलं होतं. तिथे गाडी शिकवतात म्हणजे क्लचच शिकवतात : हाफ क्लच, चढावर हाफ क्लच, सोड हळू, अजून हळू. पोवई नाक्यावर एसटीच्या पुढ्यात गाडी तीनदा बंद पडली, मागून हॉर्न, आणि शेजारून मास्तर म्हणाले, “ताई, तुम्हाला जमायचं नाही हे.” तिने लायसनही काढलं नाही. पुढे तेवीस वर्षांनी, पन्नाशीनंतर, एएमटी घेतली आणि पंधरा दिवसांत ती गावभर फिरायला लागली. ट्रॅकवरचं ते हसू मला सहन होत नाही ते यामुळे. ज्या पेडलशी झगडण्यात त्यांचा पुरुषार्थ आहे, त्या पेडलने माझ्या आईची तेवीस वर्षं घरात घालवली.

आता ती पावसाळ्यात मैत्रिणींना घेऊन यवतेश्वरचा घाट चढून कासला जाते. उतरताना रस्त्यावर पाणी, मातीचा राळ, समोरून टेम्पो. चेन्नईहून आल्यावर मी सगळं रंगवून सांगत होते, तेव्हा तिने एकच विचारलं, “ते ट्रॅकचं राहू दे. घाटात माझी गाडी फिरली तर मी काय करू?”

पुढच्या रविवारी आम्ही एमआयडीसीतल्या एका मोकळ्या रस्त्यावर गेलो. घाट उतरताना लिव्हर एनवर न्यायचा नाही आणि वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, हे तिला ठाऊक होतं. उरलं होतं ते एकच. मी म्हटलं, चाळीसवर ने आणि मी सांगितलं की ब्रेक दाब, पूर्ण, चिडून दाबल्यासारखा. तिने दाबला, एबीएस थडथडलं आणि तिने पाय उचलला.

“काहीतरी तुटलं खाली.”

तुटलं नव्हतं. एबीएसचा तो स्वभाव आहे. ब्रेकचं तेल पुन्हा पुन्हा सोडतं-दाबतं म्हणून पेडल पायाला धक्के देतं. पण तिचा पाय जिथे उचलला गेला, तीच ती जागा, जिथे माझ्या रकान्यातला ब्रेकचा आकडा शून्य होतो आणि संगणक म्हणतो, बाई निघाल्या. हे तिला सांगितलं नाही. म्हटलं, तो आवाज आला की समजायचं गाडी तिचं काम करतेय, पाय ठेवायचा तसाच, गाडी थांबली तरी ठेवायचा, मी ‘सोड’ म्हणेपर्यंत.

दुसऱ्यांदा अर्ध्यात उचलला. तिसऱ्यांदा कमी. पाचव्या वेळी गाडी थांबली, धडधड थांबली, आणि तिचा पाय तसाच होता. रस्त्याकडेला एक वॉचमन खुर्ची बाहेर आणून बसला होता.

“आणि हा काय करतो मग?” आईने डावा गुडघा हलवून विचारलं.

“काही नाही.”

“बरं,” ती म्हणाली, आणि गाडी वळवायला लागली. अजून पाच वेळा करू या म्हणाली.